पुस्तकांच्या दुकानात पेटी-तबला कशाला? ठाणे-कल्याण-डोंबिवलीतल्या छोट्या मैफलींचा हिशेब समजून घ्या

कल्याण : पुस्तकाच्या दुकानात माणूस पुस्तक घ्यायला जातो. मग तिथं सतरंजी अंथरून पेटी-तबला कशासाठी मांडतात? कुणी कविता म्हणतं, कुणी गाणं गातं, तीस-चाळीस माणसं ऐकतात, चहा होतो आणि सगळे आपापल्या घरी जातात. यात दुकानदाराला काय मिळतं? कवीला काय मिळतं? आणि मुरबाड, शहापूर, भिवंडी, अंबरनाथ तालुक्यातल्या गावकऱ्याचा याच्याशी काय संबंध?

संबंध आहे, आणि दोन बाजूंनी आहे. एक म्हणजे आपल्या तालुक्यांतली बरीच पोरं कॉलेजसाठी नाही तर कामासाठी कल्याण, उल्हासनगर, डोंबिवली, ठाणे गाठतात. त्यातली काही कविता लिहितात, गाणी रचतात. ती कविता मोबाइलवर स्टेटसला लागते, ओळखीचे लोक अंगठा दाखवतात आणि विषय संपतो. अनोळखी माणसांसमोर उभं राहून म्हणायची जागा त्यांना मिळत नाही. दुसरी बाजू गावातल्या वाचनालयाची. अनेक ठिकाणी ते पेपर वाचण्यापुरतं उघडतं. कपाटातली पुस्तकं कपाटातच राहतात. शहरातल्या छोट्या मैफली नेमक्या याच दोन दुखण्यांवर चालतात. म्हणून त्या कशा चालतात हे समजून घेण्यासारखं आहे.

पद्धत जुनीच, जागा नवी

पुस्तकांच्या जागी चार माणसं जमवून ऐकणं-बोलणं ही काही आजची टूम नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं. मुंबईहून कल्याणपर्यंत आगगाडी आली १८५४ साली, म्हणजे रेल्वेनंतर दहाच वर्षांत कल्याणकरांनी वाचनालय उभं केलं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे हे त्याच्या स्थापनेत पुढे होते. व्याख्यान, चर्चा, वाचन हे सगळं अशा संस्थांच्या अंगवळणी पडलेलं आहे.

कविता मोठ्यानं म्हणण्याची सवयही जुनी. पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ स्थापन झालं. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश हे त्यातले कवी. यातल्या कवींनी कविता गाऊन दाखवायची चाल लोकप्रिय केली. पुढं विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी गावोगाव कवितावाचनाचे कार्यक्रम केले. पुस्तक विकत न घेणाऱ्या माणसापर्यंतही कविता पोचली ती अशी कानावाटे.

पुस्तकविक्रेत्यांनी हे ओळखलं. मॅजेस्टिक प्रकाशनाचे केशवराव कोठावळे यांच्या काळात सुरू झालेल्या ‘मॅजेस्टिक गप्पा’ विलेपार्ल्यात गाजल्या. लेखक, कलावंत समोर बसून बोलतात आणि बाजूला पुस्तकं मांडलेली असतात. याच मंडळींनी १९६४ साली ‘ललित’ मासिक काढलं, पुस्तकांबद्दल बोलणारं. वाचक तयार झाला तरच पुस्तक खपेल, हे साधं गणित त्यामागं होतं.

आपल्या जिल्ह्यात मोठे सोहळेही झाले. २०१० च्या डिसेंबरात ठाण्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष उत्तम कांबळे. २०१७ च्या फेब्रुवारीत डोंबिवलीत नव्वदावं संमेलन झालं, अध्यक्ष डॉ. अक्षयकुमार काळे. आगरी युथ फोरमनं ते भरवलं होतं. पण संमेलन तीन दिवसांचं. मांडव उतरला की पुढं काय? वर्षाचे बाकीचे दिवस वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या माणसाला कुठं तरी बसायला लागतं. ती जागा गल्लीतलं दुकान, लायब्ररी नाही तर बागेतला कट्टा भरून काढतो.

दुकानदाराच्या खिशातलं गणित

आता पैशाचं बोलू. सोपं पडावं म्हणून मनाचे आकडे धरू. समजा पुस्तकाची छापील किंमत ३०० रुपये आहे आणि दुकानदाराला ते २५ टक्के सवलतीनं मिळालं. म्हणजे एका पुस्तकामागं त्याच्या हातात ७५ रुपये. त्यातून गिऱ्हाइकाला दहा टक्के सूट दिली तर ४५ रुपयेच उरले. छापील पुस्तकावर जीएसटी नाही एवढाच दिलासा. भाडं, वीज, नोकराचा पगार याच ४५ रुपयांतून काढायचा.

आता कार्यक्रमाची संध्याकाळ घ्या. चाळीस माणसं आली, दहा पुस्तकं गेली. दुकानदाराला मिळाले ४५० रुपये. चाळीस चहा दहा रुपयांनी धरले तर ४०० तिथंच गेले. तबलजीचं येण्या-जाण्याचं भाडं खिशातून. म्हणजे त्या रात्री धंदा म्हणून पाहिलं तर दुकानदार आतबट्ट्यातच.

मग तो करतो कशासाठी? उत्तर त्या रात्रीत सापडत नाही, वर्षाच्या वहीत सापडतं. पुस्तकं भाड्यानं देणारी लायब्ररी असेल तर हिशेब आणखी स्वच्छ दिसतो. समजा दर कार्यक्रमातून पाच नवे सभासद झाले. वर्षात बारा कार्यक्रम, साठ सभासद. त्यातले निम्मे गळाले तरी तीस उरले. महिन्याची वर्गणी २०० रुपये धरली तर महिन्याला ६,००० रुपयांची कायमची आवक झाली, आणि ती पुढच्या वर्षीही चालू राहणार. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. भाताचं पीक एकदाच हातात येतं, पण बांधावर लावलेला आंबा सुरुवातीला पाणीच मागतो.

डोंबिवलीची पै फ्रेंड्स लायब्ररी याचं जवळचं उदाहरण. पुंडलिक पै यांनी १९८६ साली ती सुरू केली. पुढं शाखा वाढल्या, घरपोच पुस्तकं देण्याची सोय झाली. त्यांचा पुस्तक आदान-प्रदानाचा उपक्रम डोंबिवलीकरांना चांगला माहीत आहे. घरातली वाचून झालेली पुस्तकं आणायची आणि त्याबदल्यात दुसरी न्यायची. अशा उपक्रमाला कार्यक्रमांची जोड दिली की माणूस पुस्तक टाकून लगेच वळत नाही, दोन तास थांबतो. थांबलेला माणूस पुस्तकं चाळतो, आणि चाळता चाळता एखादं हाताला लागतंच.

नुसतं दुकान का टिकत नाही

मोबाइलवर बटण दाबलं की पुस्तक घरी येतं, तेही दुकानापेक्षा स्वस्त. किमतीच्या शर्यतीत छोटं दुकान जिंकू शकत नाही. मुंबईतलं स्ट्रँड बुक स्टॉल हे १९४८ पासूनचं नावाजलेलं दुकान. सवलतीत पुस्तकं देण्याबद्दलच त्याचा लौकिक होता. ते फेब्रुवारी २०१८ मध्ये बंद झालं. त्याच फोर्ट भागात २०११ साली ‘किताबखाना’ सुरू झालं. तिथं पुस्तक प्रकाशन, कवितावाचन, गप्पा असे कार्यक्रम होतात. डिसेंबर २०२० मध्ये तिथं आग लागली, बरंच नुकसान झालं, पण २०२१ मध्ये ते पुन्हा उघडलं. अर्थात तिथं पाठीशी मोठा उद्योगसमूह आहे, गल्लीतल्या दुकानदाराला ते बळ नाही. पण एक गोष्ट दोघांनाही लागू पडते. पुस्तक कुठंही मिळतं. ज्या माणसांबरोबर त्यावर बोलता येईल ती माणसं मात्र जागेवरच भेटतात. दुकानदार खरं तर तीच सोबत देतो.

गाणं आणि कविता एकत्र का

नुसत्या कविता दीड तास ऐकणं नव्या माणसाला जड जातं. एखादी कविता कळते, दोन डोक्यावरून जातात, तिसऱ्याला हात खिशातल्या मोबाइलकडे जातो. मध्ये गाणं आलं की कान पुन्हा ताजे होतात. गाण्यासाठी आलेला माणूस कविता ऐकतो आणि कवितेसाठी आलेला गाणं.

दुसरं कारण मराठीच्या घडणीतच आहे. आपल्याकडं शब्द आणि सूर कधी फार लांब गेलेच नाहीत. ओवी जात्यावर म्हटली जाते, अभंग टाळ-पखवाजावर, पोवाडा डफावर. आपल्या भागातल्या आगरी लग्नात धवलारीण धवले गाते. तिनं म्हटलेलं ते कवितावाचनच आहे, फक्त तिला कुणी कवयित्री म्हणत नाही. ठाण्यात राहिलेले जनकवी पी. सावळाराम यांची गीतं घराघरांत पोचली ती सुरांवर बसूनच. कल्याणला शास्त्रीय संगीताची परंपरा आहे. कल्याण गायन समाजाचा देवगंधर्व महोत्सव भास्करबुवा बखले यांच्या नावानं होतो. डोंबिवलीच्या फडके रोडवर दिवाळी पहाटेला तरुणांची गर्दी कशी होते हे सांगायला नको. मातीच अशी आहे, म्हणून दुकानातली पेटी कुणाला परकी वाटत नाही.

संध्याकाळ कशी चालते

साधारण आखणी अशी. ठरलेला वार, म्हणजे महिन्याचा दुसरा रविवार किंवा शेवटचा शनिवार. वेळ पाच ते सात. मधली टेबलं भिंतीला लावायची, सतरंजी अंथरायची, म्हाताऱ्यांसाठी दहा खुर्च्या. पहिली पंधरा मिनिटं गाणं. मग एक बोलावलेला कवी, वीस मिनिटं. मग खुला वेळ. ज्यांनी नाव दिलं त्यांनी प्रत्येकी एक कविता किंवा एक गाणं, चार मिनिटांत. मध्ये चहा. चहाच्या वेळी पुस्तकं पाहायला मोकळीक. शेवटी पुन्हा एक गाणं.

यातला चहाचा वेळ सगळ्यांत मोलाचा. ओळखी तिथं होतात, पुस्तक तिथं हातात घेतलं जातं. लाजून नाव न दिलेला मुलगा तिथंच कुणाला तरी वही दाखवतो. तो पुढच्या महिन्यात नाव देतो.

कुठं फसतं

सगळं गोड आहे असं नाही. पहिला खड्डा म्हणजे कवीच कवींना ऐकवतात. आपली कविता झाली की माणूस उठून जातो. त्याला उपाय एकच. वाचणाऱ्यांची नावं आधी जाहीर करायची, पण क्रम जाहीर करायचा नाही.

दुसरा खड्डा सत्काराचा. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचं मनोगत यातच तास जातो. कविता राहते बाजूला. व्यासपीठ मोठं झालं की नवं पोरगं बुजतं.

तिसरा मुद्दा कलावंताच्या पैशाचा. ‘तुम्हाला व्यासपीठ देतो’ असं म्हणून गाणाऱ्याला फुकट बोलावलं जातं. शहरातल्या नोकरदाराला ते चालून जातं. पण मुरबाडहून तबला घेऊन येणाऱ्या पोराचा गाडीभाड्याला आणि बुडालेल्या रोजाला खर्च येतो. नारळानं तो भरून निघत नाही. मानधन थोडं असो, पण भाडं तरी हातावर ठेवलं पाहिजे. खोकं फिरवून प्रेक्षकांकडून दहा-वीस रुपये गोळा करणं हाही मार्ग आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. कीर्तनातही आरतीचं ताट फिरतंच.

चौथा मुद्दा कवीच्या पुस्तकाचा. पहिला कवितासंग्रह बरेचदा कवी पदरचे पैसे घालून काढतो. मग गठ्ठे घरात पडून राहतात. नव्या कवींनी घाई करू नये. दहा ठिकाणी कविता म्हणून पाहावी. कुठल्या ओळीला माणसं हलतात, कुठं चुळबुळ करतात हे ऐकणाऱ्यांच्या तोंडावर दिसतं. छपाईचं बिल भरण्याआधी ही परीक्षा फुकटात होते.

गावाकडून जायचं तर

मध्य रेल्वेची लाइन कल्याणला फुटते. एक फाटा आसनगाव-कसाऱ्याकडं, दुसरा बदलापूर-कर्जतकडं. त्यामुळं शहापूर आणि अंबरनाथ तालुक्यातल्यांना कल्याण सोयीचं. मुरबाडकरांना मात्र अजून रेल्वे नाही, एसटी नाही तर वडाप. म्हणून आठला सुरू होऊन दहाला संपणारा कार्यक्रम त्यांच्या कामाचा नाही. स्टेशनवर उतरून रात्री गावात पोचायचं कसं, हा प्रश्न मुलींच्या बाबतीत तर घरचे पहिला विचारतात. जाण्याआधी आयोजकांना फोन करून संपायची वेळ विचारावी आणि आपलं नाव खुल्या वेळात सुरुवातीला घ्यायला सांगावं. बहुतेक जण ऐकतात.

प्रमाण भाषेत लिहिलं नाही म्हणून मागं राहू नये. आगरी, कुणबी, वारली, ठाकरी बोलीतली कविता शहरातल्या श्रोत्याला नवी वाटते. लांबलचक ओळख न देता थेट म्हणावी. एखादा शब्द कळणार नसेल तर आधी एका वाक्यात सांगावा.

नियम काय सांगतात

स्पीकर लावायचा असेल तर ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे लेखी परवानगी लागते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असू शकतं. चाळीस माणसांच्या खोलीत माइकची गरजच नसते. माइक टाळला की ही कटकटही टळते आणि आवाजही खरा ऐकू येतो.

दुसऱ्याची कविता किंवा गाणं म्हणायचं असेल तर कॉपीराइट समजून घ्यावा. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. तुकोबा-ज्ञानोबांचे अभंग सगळ्यांचे. केशवसुत १९०५ साली गेले, बालकवी १९१८ साली, भा. रा. तांबे १९४१ साली. त्यांच्या कविता आता मोकळ्या. गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे त्यांच्या रचनांवर २०३७ च्या अखेरपर्यंत हक्क. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, तिथं २०५९ पर्यंत. छापलेल्या साहित्यातला बेताचा भाग चारचौघांत वाचायला कायदा मुभा देतो. हौशी मंडळानं तिकीट न लावता सादर केलेल्या कार्यक्रमालाही सूट आहे. पण दुकान हा धंदा आहे. तिकीट लावणार असाल किंवा चित्रपटगीतांचा कार्यक्रम असेल तर इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडं परवान्याची चौकशी आधी करावी. गाण्याची चाल बांधणाऱ्याचा हक्क वेगळा असतो आणि ध्वनिमुद्रिकेचा आणखी वेगळा, हे कॅराओके लावणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

मोबाइलवर शूटिंग करण्याआधी सादर करणाऱ्याला विचारावं. त्याचा तो हक्कच आहे. कुणाची नवी कविता लाइव्ह गेली आणि सकाळी दुसऱ्याच्या नावानं फिरू लागली, की भांडण होतं.

गावात करायचं तर

आता मुद्द्याची गोष्ट. हे सगळं वाचून ‘आपल्याकडं दुकान कुठंय’ असं वाटेल. दुकान नाही, पण भजनी मंडळ आहे. भजनाचं गणित आणि या मैफलीचं गणित एकच आहे. वार ठरलेला, प्रवेश फुकट, पेटी-पखवाज गावचाच, चहा कुणाच्या तरी घरचा, आणि नव्या पोराला एक अभंग म्हणायची संधी. शहरातल्या दुकानदारानं जी सवय पैसे घालून लावायची ती गावात पिढ्यान्‌पिढ्या आहे. गावात कमी आहे ती पुस्तकांची.

म्हणून उलटं करून पाहावं. वाचनालयाची जी कपाटं बंद आहेत ती महिन्यातून एका संध्याकाळी उघडावीत. शंभर पुस्तकं काढून सतरंजीवर मांडावीत. कुलपामागची पुस्तकं कुणी मागत नाही, हातासमोरची उचलतो. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेत शंभर पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांत फिरवल्या, त्यामागं हाच विचार आहे. वाचनालय नसेल तर शाळेतली, घराघरांतली पुस्तकं आणून आदान-प्रदान करता येतं. भजन सुरू व्हायच्या आधीचा अर्धा तास कवितेला द्यावा. एक गावचा कवी, एक शाळकरी मुलगी, एक ओव्या म्हणणारी आजी. आजीच्या ओव्या कुणी तरी वहीत उतरवून घ्याव्यात, त्या दुसरीकडं कुठंच लिहिलेल्या नाहीत.

आवणीच्या दिवसांत आणि कापणी-झोडणीत कुणाला उसंत नसते, तेव्हा सुट्टी द्यावी. पण ती आधीच सांगून द्यावी आणि नंतर ठरल्या वारी पुन्हा बसावं. शहरातल्या मैफली बंद पडतात त्या पैशाअभावी कमी, आणि ‘या महिन्यात राहू दे’ म्हटल्यानं जास्त. सुरुवात करायला २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन किंवा १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन बरा. त्या दिवशी शाळाही साथ देतात. पुढच्या महिन्याचा वार मात्र त्याच दिवशी ठरवून उठावं.